लग्नपत्रिका, लॉक आणि एक्सपी: शहापुरातल्या एका छापखान्याचं प्रकरण

"डबा मेला बघ. जरा येऊन जा की."

काकांचा फोन एवढाच असतो. पुढचं-मागचं काही सांगायची त्यांना सवय नाही. एप्रिल २०२५ चे दिवस, अक्षय तृतीया दहा-बारा दिवसांवर आलेली, आणि बेळगावच्या शहापुरातल्या त्यांच्या छापखान्यात पत्रिकांची कामं तुंबलेली. खाली मिनी ऑफसेट आणि कोपऱ्यात नंबरिंगपुरती उरलेली ट्रेडल, वर लाकडी जिन्यानं गेलं की टायपिंगची खोली. त्या खोलीतला विंडोज एक्सपीचा संगणक म्हणजे काकांचा डबा.

कॅबिनेट उघडलं. मदरबोर्डवर प्रोसेसरच्या शेजारी उभे असलेले पाच कपॅसिटर डोक्याशी फुगले होते, दोघांतून तपकिरी चीक बाहेर येऊन वाळलेला. हार्डडिस्क सुरू होताना टक् टक् करत होती. बोर्ड गेलेला होता आणि डिस्कही वाटेवर होती. तसा बोर्ड आता नवा मिळत नाही, जुन्या बाजारात मिळाला तर तोही असाच फुगायच्या बेतातला.

"नवा घेऊन त्यात हेच सगळं भरता येत नाही काय?" काकांनी विचारलं. हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी ऐकू येतो, निपाणीच्या वखारवाल्याकडून, उद्यमबागेतल्या वर्कशॉपमधून, खानापूरच्या सोसायटीतून. जुना प्रोग्राम, नवी मशीन, मधे पंधरा-वीस वर्षांची दरी. त्यावर लोकांना माझ्याकडून एका सॉफ्टवेअरचं नाव हवं असतं. नाव सांगायच्या आधी तो प्रोग्राम कशाकशाला धरून बसलाय ते बघावं लागतं, आणि या प्रकरणात तर सगळी मेख तिथंच होती.

डबा कशाला धरून बसला होता

त्यात पानं जुळवायचा पेजमेकर ७ होता. २००१ सालचा, पुढची आवृत्ती कधी आलीच नाही. त्याच्या जोडीला मराठी फॉन्टचं एक पॅकेज, आणि त्या पॅकेजचं लॉक. डीटीपीवाले डाँगलला लॉकच म्हणतात: यूएसबीला लावायची बोटभर लांबीची काडी. ती लावलेली असेल तरच पॅकेजचा कीबोर्ड मराठी उमटवतो, नाहीतर बटणं दाबून नुसती इंग्रजी अक्षरं येतात. शिवाय कानडीसाठी नुडी. कन्नड गणक परिषदेचं हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्याला लॉक नाही, आणि ग्रामपंचायतींचा मजकूर अजूनही बऱ्याचदा नुडीच्या जुन्या फॉन्टमध्येच येतो.

आमच्या भागातल्या छापखान्याला दोन्ही लागतं. अनगोळ, वडगाव, येळ्ळूरच्या पत्रिका मराठीत, पंचायतीच्या पावत्या आणि फॉर्म कानडीत, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल मराठीत. दुकानाच्या पाटीवर तर २०२४ च्या दुरुस्तीनंतर ६० टक्के कानडी कायद्यानंच आलं. म्हणजे एका पानावर दोन लिप्या हे काकांचं रोजचं काम.

आता या जुन्या फॉन्टांची गोम. पडद्यावर 'श्री' दिसतं ते आपल्याला. संगणकाच्या लेखी तिथं इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात, फॉन्टनं त्यांना देवनागरीचा अंगरखा चढवलेला असतो. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, इथं तसं काही नाही. फॉन्ट काढला की पत्रिकेतला 'आमचे येथे श्रीकृपेकरून' म्हणजे नुसता कचरा. काकांकडे अशा फाइली पंधरा वर्षांच्या साठलेल्या. एकाच घरातल्या थोरल्याची पत्रिका काढून तीत धाकट्याचं नाव, तारीख आणि मुहूर्त बदलायचा, कुलस्वामिनी आणि आजोबा तेच, हा त्यांचा निम्मा धंदा. त्यामुळे "नवीन सॉफ्टवेअरमध्ये नव्यानं टाइप करा" हा सल्ला देणाऱ्याला त्यांनी जिन्यावरूनच परत पाठवलं असतं.

तरी मी एक करून बघितलं. लिब्रे ऑफिसचा ड्रॉ पेजमेकरच्या फाइली उघडतो, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. बॅकअपच्या सीडीवरची एक पत्रिका त्यात उघडली. चौकट आली, गणपती आला, मजकूरही आला, पण ओळी सरकलेल्या आणि काही जोडाक्षरांच्या जागी चौकोन. १२८ च्या पुढच्या क्रमांकांवर बसवलेल्या अक्षरांची अशी वाट लागते. जुना मजकूर नुसता वाचायचा असेल तर ठीक. छापायला निरुपयोगी.

पुतण्याचा मॅक

काकांच्या पुतण्याकडे एम२ चिपचा मॅक मिनी आहे. तो फ्लेक्स आणि लोगोची कामं करतो, खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात बसतो. त्याचं म्हणणं सरळ होतं: "दादा, माझ्यात पॅरलल्स टाकलंय, ट्रायलचं. विंडोज ११ चालतंय की. त्यातच पेजमेकर घालूया. नवीन मशीन कशाला?"

चुकीचं नव्हतं ते. मॅकवर विंडोजचा प्रोग्राम चालवायचा म्हटलं तर पॅरलल्स सगळ्यात सुबक. विंडोजची खिडकी मॅकच्या खिडक्यांत मिसळून जाते, बसवताना डोकं चालवावं लागत नाही. पैसे भरावे लागतात, एवढंच. पेजमेकर त्यात बसला, उघडलासुद्धा. पुतण्यानं माझ्याकडे असं बघितलं की माझी फी तिथंच बुडाली.

मग लॉक लावलं. पॅरलल्सनं विचारलं, हे मॅकला देऊ की विंडोजला? विंडोजला दिलं. लॉकचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते लॉक ओळखायला लावणारा प्रोग्राम, बसवायला गेलो आणि गाडी तिथंच अडली.

कारण असं. २०२० च्या नोव्हेंबरात ॲपलनं एम१ आणली तेव्हापासून एकेका मॅकमधून इंटेलचा प्रोसेसर जात गेला आणि आर्म जातीचा आला. व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाच्या पोटातला दुसरा संगणक, यजमानाच्याच प्रोसेसरवर पाहुण्याला जेवू घालणं. पंगत वेगळी, स्वयंपाक तोच. तेव्हा एम२ वर पॅरलल्समध्ये जे विंडोज वेगानं चालतं तेही आर्मचंच विंडोज ११. त्या विंडोजच्या पोटात एक दुभाषी आहे, तो इंटेलसाठी लिहिलेले साधे प्रोग्राम चालवून घेतो. म्हणून पेजमेकर उघडला. पण ड्रायव्हर हा साधा प्रोग्राम नव्हे. तो थेट कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, बसतो, आणि कर्नलमध्ये दुभाष्याला प्रवेश नाही. आर्मच्या विंडोजला ड्रायव्हरही आर्मचाच लागतो. पंधरा वर्षांपूर्वीच्या फॉन्टच्या लॉकला तो कोण लिहून देणार?

व्हीएमवेअर फ्यूजन हे पॅरलल्ससारखंच दुसरं, ते घेतलं असतं तरी इथंच अडलं असतं. व्हर्च्युअलबॉक्स ७.१ पासून ॲपलच्या नव्या चिपवर चालतं खरं, पण त्यातही पाहुणा आर्मचाच हवा. या तिघांत कोण चांगलं यावर तासभर वाद घालता आला असता, आणि काकांच्या पत्रिका तिथंच राहिल्या असत्या.

एक वाट उरत होती: यूटीएम. हे फुकट आहे आणि आतून क्यूइमू वापरतं. फाब्रिस बेलार्डनं २००३ साली सुरू केलेलं क्यूइमू अख्खा इंटेल संगणकच सॉफ्टवेअरमध्ये उभा करतं, प्रोसेसरसकट. त्यात खरीखुरी एक्सपी बसते आणि लॉकला जुना ड्रायव्हर चालतो. बसवली. चालली. पण प्रत्येक सूचनेचं भाषांतर होत असल्यानं सगळं चिखलातून चालल्यासारखं. वहिनींनी एक ओळ टाइप केली आणि हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत बसल्या. अक्षरं एकामागून एक येत राहिली, वऱ्हाडी जिना चढून यावेत तशी.

"भावोजी, असं करत बसले तर लग्न होऊन बारसं येईल," त्या म्हणाल्या.

वहिनी म्हणजे काकांची सून. टायपिंग सगळं त्यांचं. निवड कुणासाठी करायची हे मला त्या वाक्यानं कळलं. तोवर मी पुतण्याशीच बोलत होतो, कारण त्याला तांत्रिक भाषा कळते.

मॅक तिथं सोडला. पुतण्याला एवढंच सांगितलं, तुझ्या विंडोजच्या एखाद-दुसऱ्या साध्या प्रोग्रामसाठी फ्यूजन वापर, पॅरलल्सचे पैसे वाचव.

वाईन, नवी आवृत्ती आणि बाकीच्या फाटलेल्या वाटा

थेट विंडोज १० किंवा ११ वर का नाही, हा प्रश्न कुणीही विचारील. पेजमेकर ओढूनताणून चालवणारे आहेत. पण आताचं विंडोज बहुतेक ६४ बिटचंच असतं, आणि त्याला ३२ बिटचा ड्रायव्हर चालत नाही. परत लॉकच. वाईनचंही तेच. १९९३ पासून चालत आलेला हा प्रकल्प विंडोजच्या मागण्या लिनक्सला, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट प्रणालीला, समजतील अशा करून देतो; त्यात विंडोजच नसतं, त्यामुळे परवाना लागत नाही आणि वेगही चांगला. माझ्या दोन गिऱ्हाइकांकडे हिशेबाचे छोटे प्रोग्राम वाईनवर वर्षानुवर्षं विनातक्रार चाललेत. पण यूएसबीच्या लॉकचा कर्नल ड्रायव्हर वाईनच्या आवाक्यातला नाही.

फॉन्ट पॅकेजची नवी आवृत्ती पैसे भरून घेणं हाही मार्ग होता, आणि खरं सांगायचं तर कधी ना कधी तो धरावाच लागणार. लग्नसराईच्या तोंडावर मात्र काका ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते.

मग साधं ठरवलं. इंटेलचाच प्रोसेसर असलेली एक जुनी पण धडधाकट मशीन घ्यायची आणि एक्सपी तिच्यात व्हर्च्युअल करून ठेवायची. कॉलेज रोडच्या बाजूला एकाकडे कंपन्यांनी काढून टाकलेल्या मशीन मिळतात. चौथ्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम, एसएसडी घालून १३,००० रुपये. विंडोज ११ तिच्यावर अधिकृतपणे बसत नाही आणि विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होती, म्हणून यजमान केला लिनक्स मिंट. गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह येऊन-जाऊन असतात, त्यांतले विंडोजचे व्हायरस लिनक्सवर पडून राहतात, हा वरचा फायदा.

एक्सपी थेट या मशीनवर टाकली असती तर? त्या मशीनला एक्सपीचे सगळे ड्रायव्हर नाहीत. आणि असते तरी पाच वर्षांनी पुन्हा कपॅसिटर फुगलेच असते. व्हर्च्युअल मशीन ही शेवटी एक मोठी फाइल. उचलली, दुसऱ्या इंटेल मशीनवर ठेवली, चालली.

तिघांतला एक

मिंटवर एक्सपी आत चालवायला तीन पर्याय खरे होते. केव्हीएम लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे, २००७ पासून. वेग उत्तम, कर्नल बदलला तरी काही तुटत नाही. माझ्या स्वतःच्या मशीनवर मी तेच वापरतो. पण एक्सपीसारख्या म्हाताऱ्या पाहुण्याला यजमानाचा फोल्डर दाखवायचा म्हटलं की त्यात सांबाचं, म्हणजे नेटवर्कवरून फोल्डर वाटायचं, लचांड आलं, आणि वहिनींसमोर मांडायला त्याचा दर्शनी भाग मला रुक्ष वाटला.

व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो हे पूर्वी पैशाचं होतं. ब्रॉडकॉमनं २०२३ च्या नोव्हेंबरात व्हीएमवेअर घेतली, नंतर २०२४ च्या मे महिन्यात घरगुती वापराला आणि नोव्हेंबरात धंद्यालाही ते फुकट झालं. छापखाना धंदाच, तेव्हा हा फरक महत्त्वाचा. पडद्याचा वेग तिघांत याचाच सरस. पण डाउनलोडला खातं उघडा, नोंदणी करा, आणि लिनक्सचा कर्नल सुधारला की त्याचे मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडलेले तुकडे, पुन्हा बांधावे लागण्याची शक्यता. त्या दिवशी मी गोव्यात असलो तर काका माझा फोन घनघन वाजवणार.

व्हर्च्युअलबॉक्स निवडलं. इनोटेक कंपनीनं लिहिलेलं, २००८ ला सनकडे आणि २०१० ला ओरॅकलकडे गेलेलं. मूळ सॉफ्टवेअर मुक्त परवान्याचं आहे. त्याच्यासोबत जो एक्स्टेन्शन पॅक मिळतो तो मात्र धंद्यासाठी फुकट नाही, आणि इथं बरेच जण फसतात: यूएसबी चालावी म्हणून डोळे झाकून तो पॅक टाकतात. आवृत्ती ७ पासून यूएसबी २ आणि ३ चा आधार मूळ सॉफ्टवेअरमध्येच आलाय, आणि लॉकसारख्या संथ उपकरणाला तर जुनं यूएसबी १.१ सुद्धा पुरतं. म्हणून पॅक टाकलाच नाही. एक्सपीसाठीचे जोड-ड्रायव्हर, सामायिक फोल्डर, चिकटपट्टीसारखा कॉपी-पेस्ट, सगळं तयार मिळतं. वेगात तो तिसरा आला असता कदाचित. एक्सपीला त्याचा काय फरक पडतोय!

निळी स्क्रीन

जुनी डिस्क काढून यूएसबीच्या अडॅप्टरला लावली आणि डीडीरेस्क्यूवर रात्रभर सोडली. हा प्रोग्राम खराब जागेशी झुंजत बसत नाही, आधी चांगलं ते उचलून घेतो आणि मग खराबाकडे परत येतो. सकाळी थोडे सेक्टर सोडून ८० जीबीची प्रतिमा हातात. ती व्हर्च्युअलबॉक्सच्या डिस्कमध्ये रूपांतरित केली आणि मशीन सुरू केली.

पहिलाच दगड: व्हीटी-एक्स बंद आहे. प्रोसेसरची व्हर्च्युअल मशीन चालवायची ही सोय बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद करून ठेवलेली असते, कंपनीतून आलेल्या मशीनमध्ये तर हमखास. व्हर्च्युअलबॉक्सनं ६.१ पासून या सोयीशिवाय चालणं सोडून दिलंय. बायोसमध्ये जाऊन चालू केली.

दुसरा दगड मोठा. एक्सपीचा झेंडा फडकला, पट्टी सरकली आणि निळी स्क्रीन: शेवटी ७बी. हा आकडा मी लांबूनही ओळखतो. एक्सपी आपली डिस्क कुठल्या कंट्रोलरवर आहे हे पक्कं धरून बसलेली असते. जुना बोर्ड एका कंपनीच्या चिपचा, व्हर्च्युअलबॉक्स दाखवतो इंटेलची जुनी पीआयआयएक्स४. आपलं घर ओळखू न आलेल्या माणसासारखी ती दारातच कोसळते. जुनी मशीन चालू असती तर आधीच रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, सर्वसाधारण ड्रायव्हर भरून ठेवता आले असते. ती गेलेली. म्हणून डिस्क साटा या नव्या जोडणीवर न ठेवता आयडीई या जुन्या जोडणीवर ठेवली, एक्सपीची सीडी लावली, आणि रिपेअर केलं. यात एक बारकावा आहे: सीडीवरचा पहिला 'आर' दाबायचा नसतो, तो काळ्या पडद्याच्या कन्सोलमध्ये नेतो. पुढे जायचं, परवाना मान्य करायचा, जुनी एक्सपी सापडली की तिथला 'आर'. त्यानं विंडोज नव्यानं बसतं आणि प्रोग्राम, फॉन्ट, फाइली जागच्या जागी राहतात.

चाळीस मिनिटांनी काकांचं जुनं वॉलपेपर पडद्यावर आलं, ज्योतिबाचं. काका खुर्चीवरून उठून जवळ आले. "अरे, हे आपलं तेच हाय की!"

परवान्याबद्दल दोन शब्द, कारण याविषयी कुणी बोलत नाही. मशीनसोबत आलेलं ओईएम विंडोज त्या मशीनलाच बांधलेलं असतं, व्हर्च्युअलमध्ये हलवायची मुभा नसते. काकांनी त्या वेळी खोक्यातली वेगळी सीडी घेतली होती, आणि बिलासकट जपून ठेवली होती, हे आमचं नशीब. हार्डवेअर बदलल्यानं पुन्हा ॲक्टिव्हेट करावं लागलं. पन्नासेक आकडे फोनवर वाचून दाखवायचे, तिकडून सांगितलेले चाळीसेक लिहून घ्यायचे. ते काम मी पुतण्याला दिलं.

आता लॉक. व्हर्च्युअलबॉक्सच्या यूएसबीच्या यादीत ते दिसेना. यादीच रिकामी. लिनक्समध्ये आपलं खातं 'व्हीबॉक्सयूजर्स' या गटात घालावं लागतं आणि लॉगआउट करून परत यावं लागतं. माहीत असूनही मी दर वेळी हे विसरतो आणि अर्धा तास केबल बदलत बसतो. या वेळीही बसलो. मग लॉकचा फिल्टर लावला, म्हणजे मशीन सुरू झाली की लॉक आपोआप पाहुण्याकडे जाईल. यूएसबी ३ चा कंट्रोलर मुद्दाम निवडला नाही, कारण एक्सपीला तो ओळखता येत नाही. लिनक्सला लॉकचा ड्रायव्हर लागतच नाही. तो फक्त वस्तू पुढे करतो, उघडतो पाहुणा.

पेजमेकर उघडला. वहिनींनी 'श्री' उमटवलं.

पहिला आठवडा

इथून पुढची कहाणी सॉफ्टवेअरची कमी आणि बोटांची जास्त.

वहिनी काही जोडाक्षरं ऑल्ट दाबून उजवीकडच्या आकड्यांनी काढतात. ऑल्ट, शून्य, तीन आकडे. बोटांना पाठ आहे, डोळे कागदावरच असतात. ती जोडाक्षरं येईनात. दोन दिवस आम्ही फॉन्टला दोष दिला. शेवटी कळलं, पाहुण्यातला नम लॉक बंद आणि यजमानाचा चालू, दिवा मात्र पेटलेला. आत एकदा बटण दाबलं की जुळतं. शिवाय उजवी कंट्रोल ही व्हर्च्युअलबॉक्सची आपली कळ. ती दाबली की कीबोर्ड पाहुण्याच्या ताब्यातून सुटतो. वहिनींना ती सारखी लागते. ती कळ बदलून बाजूला नेली.

छपाईचं मी वेगळं लावून दिलं. आत एक सर्वसाधारण पोस्टस्क्रिप्ट प्रिंटर, जो कागदावर न छापता फाइल काढतो. ती सामायिक फोल्डरमध्ये पडली की लिनक्सवरचा घोस्टस्क्रिप्ट तिची पीडीएफ करतो, फॉन्ट आत धरून. ट्रेसिंग, म्हणजे प्लेट करायला लागणारी अर्धपारदर्शक कागदावरची प्रत, लिनक्समधूनच काढायची. पहिल्या दोन रंगांच्या कामाला लाल आणि हिरवा जुळेना, कडेला दीड-दोन मिलिमीटरचा फरक. पुतण्यानं एक ट्रेसिंग काढताना 'पानात बसवा' चालू ठेवलं होतं, वहिनींनी बंद.

एक्सपीचं नेटवर्क पूर्ण तोडलं. २०१४ च्या एप्रिलपासून तिला सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत, आणि पेजमेकरला इंटरनेट कशाला हवंय? फाइली आत-बाहेर फक्त त्या एका फोल्डरमधून. रॅम १ जीबी दिली. जास्त देऊन उपयोग नाही.

आणि आता माझी चूक. स्नॅपशॉट ही व्हर्च्युअल मशीनची मोठी मोहक सोय: या क्षणाचा फोटो काढून ठेवायचा, बिघडलं की तिथं परत. मी पुतण्याला ते कौतुकानं शिकवलं. काही अडलं तर 'रिस्टोअर' दाब, दोन मिनिटांत नवं कोरं. फोटो सोमवारी काढला होता. बुधवारी संध्याकाळी लाईट गेली, यूपीएस म्हातारा, मशीन धडकन बंद. परत आल्यावर पेजमेकर रुसला. पोरानं शिकवल्याप्रमाणे रिस्टोअर केलं. पेजमेकर सोमवारसारखा टुणटुणीत झाला. डेस्कटॉपही सोमवारसारखाच झाला. मंगळवार-बुधवारी वहिनींनी त्याच डेस्कटॉपवर सेव्ह केलेल्या तीन पत्रिका आणि येळ्ळूरच्या एका मंडळाचं हँडबिल, सगळं गेलं.

त्या रात्री साडेबारापर्यंत वहिनी टाइप करत होत्या आणि मी शेजारी बसून प्रुफावरून वाचून दाखवत होतो. 'चि. सौ. कां.' पासून 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' पर्यंत. काका वर आले, काही बोलले नाहीत, चहा ठेवून खाली गेले. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी काम फक्त सामायिक फोल्डरमध्ये सेव्ह व्हायची सोय केली, जो पाहुण्याच्या पोटात नसून लिनक्सवर असतो. रिस्टोअरचा हात तिथवर पोचत नाही. पेजमेकरची डीफॉल्ट जागा तीच केली आणि डेस्कटॉपवर काहीच ठेवता येणार नाही असं बघितलं. स्नॅपशॉट एकच ठेवला, रिस्टोअर करायच्या आधी मला फोन. शनिवारी मशीन बंद करून अख्खी डिस्क फाइल बाहेरच्या हार्डडिस्कवर. यूपीएसला नवी बॅटरी. आणि संध्याकाळी घाईत निघताना एक्सपी शटडाउन न करता तिची अवस्था सेव्ह करून ठेवायची, म्हणजे सकाळी अर्धवट पत्रिका कर्सरसकट समोर. वहिनींना या सगळ्यात ही एकच गोष्ट मनापासून आवडली.

आत्ताची स्थिती

दिवाळी झाली, तुळशीच्या लग्नानंतरचा हंगाम सुरू झाला, मशीन चाललीय. नव्या घरांच्या पत्रिका वहिनी आता लिनक्सवरच्या स्क्रायबसमध्ये युनिकोडमध्ये करून बघतायत. संथ आहे, पण जोडाक्षरांसाठी ऑल्टचे आकडे लागत नाहीत म्हणून धाकटी मुलगीही टाइप करू लागलीय. जुनी घरं एक्सपीत, नवी घरं बाहेर. असं किती वर्षं चालेल ते लॉकवर आहे. डिस्कची प्रत काढता येते, लॉकची येत नाही. ती काडी तुटली की त्या दिवशी आतली सगळी व्यवस्था जागच्या जागी राहून मुकी होईल. काकांना हे मी तीनदा सांगितलंय. नव्या आवृत्तीचं दरपत्रक त्यांच्या ड्रॉवरमध्ये पडून आहे.

मागच्या आठवड्यात गेलो तेव्हा लॉक यूएसबीत खोचलेलंच होतं, वर लाल दोरा गुंडाळून कॅबिनेटच्या जाळीला बांधलेलं. शेजारी छापील चिठ्ठी चिकटवलेली, 'हे काढू नये', दोन्ही भाषांत. वहिनींनी पेजमेकरमध्येच केली होती. कानडी वर, मोठ्या टायपात, मराठी खाली लहान.

"साठ टक्के मोजून घेतलंय," त्या म्हणाल्या.